२००६ ची एफ-१५० आणि एडमंटनचा पहिला हिवाळा

प्रश्न थोडक्यात असा: कॅनडातल्या एडमंटनमधला पहिलाच हिवाळा, कामासाठी घेतलेली २००६ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, ५.४ लिटरचं थ्री-व्हॉल्व्ह व्ही-८ इंजिन, फोर बाय फोर, २,३०,००० किलोमीटर झालेली. गाडी रात्री बाहेर उघड्यावर उभी असते. लिफ्ट किट (गाडी उंच करायचे सुटे भाग), रुंद टायर आणि एलईडी लाइटबार बसवायचा विचार आहे. याशिवाय हिवाळ्यासाठी काय करावं?

लिफ्ट किट आणि लाइटबार या वर्षी नकोच. गाडी उंच केली की पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे जास्त कोनात फिरतात आणि लवकर झिजतात, शिवाय बर्फावर गाडी घसरली की उंच गाडी आधी कलते. रुंद टायर दिसायला दमदार, पण भुसभुशीत बर्फावर ते तरंगतात. अरुंद टायर बर्फ कापून खाली रस्त्याला टेकतो. एलईडीची अडचण वेगळी: ती काचेकडे जवळजवळ उष्णता देत नाही, त्यामुळे बर्फ पडत असताना काचेवर थर बसतो आणि तो वितळत नाही. तुमच्या गाडीचे मूळचे हॅलोजन दिवे स्वतःच्या उष्णतेने काच मोकळी ठेवतात. त्यांची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, तेवढं पुरेसं आहे. ते पैसे बॅटरी, टायर आणि गंजाकडे वळवा. उणे ३० ला गाडी ज्या गोष्टींमुळे अडते त्या सगळ्या ऑक्टोबरमध्येही गाडीत असतातच, फक्त तेव्हा त्या चालून जातात.

सकाळी सेल्फ लागला पाहिजे

उणे १८ ला बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल फिरवायला सेल्फला दुप्पट जोर लागतो. म्हणून बॅटरी घेताना सीसीए आकडा बघायचा: उणे १८ अंशांवर बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देते आणि तरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, ते हा आकडा सांगतो. तुमच्या गाडीला ६५ गटाची बॅटरी बसते. ७५० सीसीएच्या खालची घेऊ नका. आहे ती बॅटरी पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. नुसता व्होल्टेज बघून काही कळत नाही, कारण मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा लोड नसताना १२.६ दाखवते.

उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपास गोठते, तर पूर्ण चार्ज असलेली उणे ५० लाही गोठत नाही. आतला दिवा रात्रभर चालू राहिला तर सकाळी फक्त बॅटरी उतरलेली सापडत नाही, फुगलेली आणि तडकलेली सापडू शकते. फुगलेल्या बॅटरीला जम्पर लावायचा नाही आणि चार्जरही नाही, ती फुटू शकते. ती बदलायचीच. फुगलेली-तडकलेली नसून नुसती गोठलेली असेल तर आधी पूर्ण वितळू द्या, मग ठरवा.

नवी बॅटरी टाकूनही सेल्फ मंद फिरत असेल तर दोष बहुतेक अर्थिंगच्या केबलमध्ये असतो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर ठेवा (खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायला सांगा. पेडल पूर्ण दाबलेलं असताना या गाडीचे इंजेक्टर बंद राहतात, त्यामुळे इंजिन फिरतं पण चालू होत नाही. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर केबल आतून गंजली आहे. बाहेरून ती नवीसारखी दिसते, क्लॅम्पजवळ दाबली की आत हिरवी पावडर कुरकुरते.

गाडी कॅनडात विकलेली असेल तर तिला ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, बहुतेक असतोच. त्याची वायर पुढच्या ग्रिलपाशी लोंबत असते किंवा बंपरच्या मागे बांधलेली सापडते. प्लगच्या दोन पात्यांमधला रोध मोजा. १२० व्होल्टचा वर्ग भागिले रोध म्हणजे वॅट, त्यामुळे ४०० वॅटचा हीटर ३६ ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आधी वायर बदलून बघा. हीटरपेक्षा वायर आधी मरते, कारण तिच्यावर रस्त्याचं मीठ उडत असतं. उणे १५ च्या खाली प्लग लावायचा, पण रात्रभर नाही. निघायच्या तीन-चार तास आधी चालू होईल असा बाहेर वापरायचा टायमर लावा. एक्स्टेन्शन १४ गेजची, बाहेर वापरायची असावी. पातळ वायर गरम होते आणि प्लगपाशी वितळते. कामाच्या ठिकाणी पार्किंगमध्ये सॉकेट असेल तर एक लक्षात ठेवा: काही ठिकाणी वीज वाचवायला ते ठरावीक वेळाने चालू-बंद होत राहतं. तिथे हीटर गार लागला म्हणून तो बिघडला असं धरू नका.

ऑइल आणि कूलंट

या इंजिनाला ५डब्ल्यू-२०, फिल्टरसकट सात अमेरिकी क्वार्ट म्हणजे सुमारे ६.६ लिटर ऑइल लागतं. पूर्ण सिंथेटिकच टाका. "इंजिन जुनं आहे, घट्ट ऑइल टाका" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि इथे तो इंजिन मारतो. या इंजिनात कॅमशाफ्ट पुढे-मागे करणारे फेजर ऑइलच्या दाबावर चालतात. उणे ३० ला घट्ट ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ फेजर आणि टायमिंग चेनचे टेन्शनर कोरडे राहतात. ५डब्ल्यू मधला ५ उणे ३० ला आणि ०डब्ल्यू मधला ० उणे ३५ ला सेल्फ कसा फिरेल याच्या चाचणीतून येतो. फिल्टर आतल्या झडपेसकट चांगला घ्या, म्हणजे गाडी उभी असताना ऑइल खाली उतरून जात नाही. मोटरक्राफ्टचा एफएल-८२०एस या इंजिनाला बरोबर आहे.

हिवाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दुधी, चिकट थर दिसला की लोक हेड गॅस्केट (इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेली म्हणून घाबरतात. छोट्या-छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही आणि आतली वाफ झाकणाच्या गार पृष्ठभागावर जमते, बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर महामार्गावर अर्धा तास गाडी चालवा, थर जातो. डिपस्टिकही दुधी असेल तर मात्र गाडी थांबवा.

आता कूलंट. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं आणि ब्लॉक तडकतो. ब्लॉकच्या बाजूला बसवलेले प्लग बाहेर पडून इंजिन वाचवतात असं म्हणतात, त्यावर विसंबू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम्म असेल तर ते उणे ३७ पर्यंत टिकतं. ६० टक्के कूलंट आणि ४० टक्के पाणी घेतलं तर उणे ५० च्याही खाली. एडमंटनसाठी हेच मिश्रण ठेवा. मात्र "जास्त कूलंट म्हणजे जास्त सुरक्षित" असं नाही. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, आणि ७० टक्क्यांच्या पुढे मिश्रण उलट कमजोर होत जातं. स्वस्तातला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, कूलंट किती अंशांना गोठेल तो आकडा एका थेंबात कळतो. या गाडीत कारखान्यातून पिवळ्या रंगाचं कूलंट येतं. आधीच्या मालकाने त्यात केशरी ओतलं असेल आणि टाकीत तपकिरी गाळ दिसत असेल तर पूर्ण फ्लश करा, नाहीतर तो गाळ हीटर कोअरमध्ये (केबिनची हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) जाऊन बसेल.

हीटर कोमट हवा देत असेल तर आधी डॅशवरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा. महामार्गावर तो मधोमध न येता खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे (स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पी०१२८). काटा बरोबर असेल तर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जाणारे हीटरचे दोन्ही होज हाताने चाचपून बघा. दोन्ही गरम हवेत. एक गरम आणि एक कोमट म्हणजे कोअर तुंबला. दोन्ही गरम आणि हवा तरी गार असेल, डॅशच्या मागून टकटक ऐकू येत असेल, तर गरम-गार हवेचा पडदा हलवणाऱ्या छोट्या मोटरचा प्लास्टिकचा गिअर तुटला आहे. हे तीन दोष वेगवेगळे आहेत. तपासल्याशिवाय पार्ट बदलत बसू नका.

फोर बाय फोर: पुढच्या हबचा व्हॅक्युम

या पिढीच्या एफ-१५० चं हिवाळ्यातलं सगळ्यात नेहमीचं दुखणं हे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

तुमच्या गाडीत टू-व्हीलवर असताना पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सुटी असतात. प्रत्येक पुढच्या हबमध्ये एक कॉलर असते. तिच्यामागची स्प्रिंग तिला कायम "जोडलेल्या" स्थितीकडे ढकलते आणि इंजिनाचा व्हॅक्युम (हवा शोषली जाऊन तयार होणारी ओढ) तिला मागे ओढून "सुटी" ठेवतो. म्हणजे व्हॅक्युम गेला की हब आपोआप जुळायला लागतं. व्हॅक्युम पूर्ण गेला तर काही बिघडत नाही. तो अर्धवट राहिला की कॉलरचे दात निम्मे अडकतात, निम्मे सुटतात आणि पुढच्या चाकातून खरडल्यासारखा आवाज येतो. चढावर किंवा हलका अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर तो जास्त येतो, कारण थ्रॉटल उघडला की इंजिनाचा व्हॅक्युम कमी होतो. लोक व्हील बेअरिंग बदलतात आणि आवाज तसाच राहतो.

थंडीत हे का वाढतं? फायरवॉलवर बॅटरीच्या मागे व्हॅक्युमचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी झडप, असतो. त्याला हवा आत घ्यायला एक छोटं तोंड असतं आणि बोनेटखाली ओघळणारं पाणी त्यातून आत शिरतं. ते नळ्यांत उतरतं, हबपाशी साठतं आणि गोठतं. उणे २० ला तुम्ही बटण फिरवता, दिवा लागतो, पण एक हब जुळतं आणि दुसरं जुळत नाही.

तपासणी अशी करा. सोलेनॉइडकडून हबकडे जाणारी व्हॅक्युमची नळी काढा आणि इंजिनाकडून येणारं टोक बुचाने बंद करा. आता दोन्ही हब स्प्रिंगने पूर्ण जुळलेली राहतील. गाडी टू-व्हीलवरच चालवा. खरडणं थांबलं तर दोष व्हॅक्युमचा, हे नक्की झालं. पार्ट येईपर्यंत गाडी अशी चालवली तरी चालते: पुढचे शाफ्ट नुसते फिरत राहतात, थोडं पेट्रोल जास्त जातं, दात मात्र वाचतात. मग हाताचा व्हॅक्युम पंप घ्या. प्रत्येक हबला दोन नळ्या असतात, एक व्हॅक्युमची आणि एक हवा सोडायची. व्हॅक्युमच्या तोंडाला १५ ते २० इंच पारा एवढा व्हॅक्युम द्या आणि मिनिटभर काटा बघा. काटा हलला नाही तर हब ठीक. तो पडत गेला तर त्या बाजूची कॉलर हलवणारा अ‍ॅक्ट्युएटर गेला. दोन्ही हब टिकत असतील तर सोलेनॉइड, एकदिश झडप आणि वाळून चिरलेले रबरी जोड तपासा. नवा सोलेनॉइड पाणी आत न जाऊ देणाऱ्या झाकणासकट घ्या आणि बसवण्याआधी नळ्यांतलं पाणी कमी दाबाच्या हवेने फुंकून काढा. हे राहिलं तर नवा सोलेनॉइडही पहिल्याच थंडीत अडतो.

वापराबद्दल एवढंच: फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) पुढचे-मागचे अ‍ॅक्सल एकमेकांना बांधले जातात, मधे डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर वळण घेतलं की गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) ताण येतो. बर्फ, चिखल, खडी यांवरच वापरा. फोर-लोसाठी (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त जोर) गाडी थांबवा, न्यूट्रल, पाय ब्रेकवर, मग बटण. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा एखाद्या मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर चालवा, नाहीतर ट्रान्सफर केसची मोटर जाम होते. आणि चार चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक लावल्यावर तिला टायर जेवढं पकडतात तेवढंच थांबता येतं.

टायर आणि हौद्यातलं वजन

टायरच्या बाजूवर तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चिन्ह हवं. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही. ते खाचांच्या नक्षीबद्दल सांगतं, रबराबद्दल नाही. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि उणे २५ ला ते प्लास्टिकसारखं वागतं. चारही टायर एकसारखेच घ्या. नुसते मागचे हिवाळी बसवले तर वळणावर पुढचा भाग सरळ निघून जातो. खाच ५ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फावरची पकड झपाट्याने कमी होते. आकार ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे, तोच ठेवा. अल्बर्टात हिवाळी टायरची सक्ती नाही, पण जॅस्परच्या पुढे ब्रिटिश कोलंबियात गेलात तर बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून आहे.

हवा दर ५-६ अंशांना सुमारे १ पीएसआय उतरते. १५ अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ भरली आणि बाहेर उणे ३० असेल तर सकाळी साधारण २७ राहते. हवा नेहमी बाहेर, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर तपासा. नट १५० फूट-पाउंड म्हणजे २०३ न्यूटन-मीटरला आवळायचे आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. चाक बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने घासा, नाहीतर चाक नीट टेकत नाही आणि नट ढिले होतात.

रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं. ३० किलोच्या चार ते सहा वाळूच्या पिशव्या मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवा. शेवटी टेलगेटपाशी ठेवल्या तर पुढचं टोक हलकं होऊन स्टिअरिंग बिघडतं. पट्ट्याने किंवा फळ्यांची चौकट करून त्या बांधा. अपघातात सुटी पिशवी केबिनच्या मागच्या काचेतून आत येते. हौद्यात साठलेला बर्फ हे वजन धरू नका, तो पुढे सरकतो आणि वितळला की जातो. अडकलात तर त्याच पिशवीतली वाळू चाकाखाली कामाला येते.

गंज, आणि स्टेपनीच्या वरचा छोटा डबा

रस्त्यावरचं मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड थंडीपेक्षा जास्त गाड्या खातं. या गाडीत त्याचा एक ठरलेला बळी आहे: फ्यूएल पंपाचं ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे पंपाला वीज पुरवणारं सर्किट. स्टेपनीच्या वर, मागच्या आडव्या फ्रेमवर, दोन बोल्टांनी बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा चौकोनी डबा. तो थेट लोखंडाला टेकलेला असतो. मिठाचं पाणी मधे शिरलं की अ‍ॅल्युमिनियम कुजतं, पाठीला भोक पडतं आणि आतलं सर्किट भिजतं. मग गाडी चालता चालता बंद पडते, किंवा सेल्फ व्यवस्थित फिरतो पण इंजिन पेटत नाही. कोड बहुतेक पी१२३३ येतो. किल्ली ऑन केल्यावर टाकीतून दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येत नसेल तर पंप बदलण्याआधी हा डबा बघा. स्टेपनी उतरवा, दोन बोल्ट काढा, पाठ पाहा. पांढरी पावडर आणि खड्डे दिसले तर आत्ताच बदला. नवा बसवताना फ्रेमपासून साधारण १० मिलिमीटर दूर राहील असे स्पेसर घाला. स्टेपनी उतरवलीच आहे तर तिच्या केबलला आणि यंत्रणेलाही ग्रीस लावा. गंजून जाम झालेली स्टेपनी रस्त्याच्या कडेला खाली येत नाही.

दर वर्षी सप्टेंबरात, बर्फ पडायच्या आधी, खालून तेलकट किंवा लॅनोलिनचा गंजरोधक फवारून घ्या: फ्रेमच्या आतल्या पोकळीत, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरवर, दरवाज्यांखालच्या पट्टीत, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत. पाणी जायची भोकं बंद करू नका. रबरासारखा घट्ट काळा थर गंजावर मारायचा मोह टाळा. तो थर दिसायला छान राहतो आणि खाली ओल अडकून फ्रेम कुजते. ब्रेकच्या लोखंडी नळ्या फ्रेमच्या कडेने हात फिरवून बघा. पापुद्रे सुटत असतील तर पूर्ण लांबी तांबे-निकेलच्या नळीने बदला. मधला गंजका तुकडा कापून जोडलं तर पुढच्या वर्षी शेजारी फुटते. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून सिलिकॉन ग्रीस लावा.

हँडब्रेक ओल्या रस्त्यावरून आल्यावर लावू नका. त्याचे लायनर मागच्या डिस्कच्या आतल्या ड्रमला चिकटून गोठतात आणि जोर केला तर पत्र्यापासून सुटून येतात. सपाट जागा बघून गिअर पार्कमध्ये ठेवा. पुढच्या काचेवर गरम पाणी ओतू नका, बारीकसा तडासुद्धा टोकापर्यंत जातो. काच धुवायचं पाणी उणे ४० चं घ्या.

स्पार्क प्लग राहिले असतील तर ते काम या हिवाळ्याआधी जाणकाराकडून करून घ्या. या इंजिनाचे मूळचे प्लग दोन तुकड्यांचे आहेत. कार्बनने जाम झालेला खालचा भाग तुटून हेडमध्ये राहतो. प्लग पाव वळणापेक्षा कमी सैल करून कार्बोरेटर क्लीनर आत मुरू द्यायचा आणि मग मागे-पुढे करत काढायचा. घाईने एका दमात काढणाऱ्याला गाडी देऊ नका.

उणे ३० ला सुरू केल्यावर पाचेक मिनिटं पुरे, मग पहिले दहा किलोमीटर हळू. अर्धा तास उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर गारच राहतात. ते चालवल्याशिवाय तापत नाहीत. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. शहराबाहेर निघालात की गाडीत फावडं, ब्लँकेट, ४ गेजची जम्पर केबल, ओढायचा पट्टा आणि चार्ज केलेली पॉवर बँक असू द्या. बर्फात अडकून थांबावं लागलं तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फाने बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो आणि त्याला वास नसतो. मग तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि प्रत्येक वेळी इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सर पुन्हा बघा.